सृष्टीचं चंदन

१

शनिवारी सकाळी भिमाजी ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता, तेवढ्यात ललितची मोटारसायकल पंचवटीतल्या त्या अरुंद गल्लीत शिरली. ललित हा भिमाजीच्या बहिणीचा, सुवर्णाचा, धाकटा दीर. सातपूरच्या एका कारखान्यात तो लाकडी साचे करायचा आणि सुट्टीच्या दिवशी ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठायचा नाही. आज मात्र तो झिमझिम पावसात भिजून दारात उभा होता.

"मामा, चंदन गेलं."

"गेलं म्हणजे?"

"रात्री कोणीतरी तोडून नेलं. खोडासकट, मुळासकट. पोलीस येऊन गेले. दादा नुसता बसून आहे, बोलत नाही."

भिमाजीने उरलेला साबण टॉवेलने पुसला आणि अर्ध्या दाढीवरच सदरा चढवला.

जगात चंदनाची झाडं पुष्कळ असतील, पण त्या घरात चंदन म्हटलं की एकच. सुवर्णाची मुलगी सृष्टी जन्मली त्या वर्षी तिच्या बापाने, म्हणजे ललितच्या थोरल्या भावाने खंडेरावाने, मखमलाबादच्या मळ्यात ओढ्याच्या कडेला ते रोप लावलं. लोक मुलीच्या नावाने गुंजभर सोनं घेऊन ठेवतात. हा माळी माणूस, पासबुकापेक्षा मुळांवर त्याचा भरवसा जास्त. बारशालाच त्याने सांगून टाकलं होतं की हे झाड पोरीच्या लग्नाचं नाही, शिक्षणाचं आहे. पुढे अठरा वर्षं आल्यागेल्याला तो तेच ऐकवत आला. यंदा मे महिन्यात ललितने बँकेतून शैक्षणिक कर्जाचा अर्ज आणला, तेव्हा खंडेरावाने तो हातातही घेतला नाही. "माझी पोर बँकेच्या दारात उभी राहणार नाय," तो म्हणाला होता. "तिचं कॉलेज मळ्यात उभं हाय."

सृष्टीनेही बापाचा शब्द खाली पडू दिला नाही. बारावीला असे मार्क काढले की पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. सोमवारी फी भरायची शेवटची तारीख होती. रविवारी पिंपळगावचे व्यापारी दीपकशेठ येऊन झाड पारखणार होते आणि फीपुरती रक्कम जागेवर उचल देणार होते. तोडायला वनखात्याची परवानगीही आली होती. सगळं असं जुळून आलं होतं, आणि शनिवारी उजाडलं ते झाडाशिवाय.

भिमाजी हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पोलिसाला सगळं गाव मामा म्हणतं; हा दोन्हीकडून मामा. फंडाचा पैसा उन्हाळ्यात मुलीच्या लग्नात गेला होता, त्यामुळे भाचीला द्यायला त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे चोर शोधून काढायची अक्कल.

मोटारसायकलवर मागे बसता बसता त्याने विचारलं, "कोणावर संशय?"

"संशय कसला," ललित म्हणाला. "मळ्यातल्या गड्याला, पुंजाला, उचललाय पोलिसांनी. खिशात पैसे सापडले."

२

ओढ्याच्या कडेला आता एक खड्डा होता. चांगला मांडीएवढा खोल, मुळं कुऱ्हाडीने तोडलेली, कडेला फांद्यांचा ढीग आणि लाकडाचा चिखलात मिसळलेला भुसा. खड्ड्याच्या काठावर शेणखताने भरलेली एक पाटी तशीच राहून गेली होती आणि तिच्यात पावसाचं पाणी साचलं होतं.

भिमाजी वाकला, बोटाने भुसा उचलून नाकाशी नेला. नुसत्या ओल्या लाकडाचा वास आला. त्याला सर्दी होती आणि पाऊसही पडत होता, म्हणून तेव्हा त्याने ते सोडून दिलं. पण मनाच्या कोपऱ्यात काहीतरी खुपत राहिलं.

घराच्या पडवीत भावकी जमली होती. खंडेराव भिंतीला टेकून बसला होता. हाताला फोड आलेले, ते त्याने मुठीत झाकले होते. माळ्याच्या हाताला फोड नवे नाहीत, पण भिमाजीने ते पाहिले. सुवर्णा भावाला बघून रडायला लागली. सृष्टी मात्र रडत नव्हती. ती सगळ्यांना चहा देत होती आणि कप परत घेत होती, जणू कोणाचं तरी दहावं आहे.

"दाजी, रात्री काही आवाज?" भिमाजीने विचारलं.

"पाऊस व्हता," खंडेराव म्हणाला. एवढंच.

भावकीतले थोरले केरू आण्णा खाकरले. "हे बघ खंडू, चोरी कोणाच्याही घरी व्हती. पोरीचं शिक्षण थांबायला नको. आम्ही समदे मिळून घालू. उद्या सांजच्याला ज्याचं त्यानं आणून देईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खंडेरावाने हात जोडले, पण मान वर केली नाही. एरवी कोणाचा पेलाभर चहासुद्धा फुकट न घेणारा माणूस, भिमाजीला वाटलं, आज फार लवकर वाकला.

गोजराबाई, खंडेरावाची म्हातारी आई, खड्ड्याजवळच बसून होती. डोक्यावर गोणपाट, हातात रिकामी कळशी. रोज सकाळी ती या झाडाला कळशीभर पाणी घालायची. अठरा वर्षांत तिने घरातल्या बाळंतिणीचीही इतकी बडदास्त ठेवली नसेल. आजही सवयीने भरून घेऊन आली होती. पाणी तिने खड्ड्यातच ओतलं होतं.

"मावशी, घरात चला."

"भिमाजी, पुंजाला कशाला नेला रं?" ती म्हणाली. "त्यानं नाय केलं. तो झाडाच्या पाया पडायचा."

भिमाजी ठाण्याकडे निघाला. त्याला ठाण्याची वाट पाठ होती, आणि तिथे गरीब माणसाचं काय होतं तेही.

३

ठाण्यातला फौजदार नवा होता, पण ओळख देणारा होता. "मामा, प्रकरण सरळ आहे," तो म्हणाला. "मळ्यात राहणारा गडी ऐन चोरीच्या रात्री गायब. सकाळी एसटीतून उतरताना पकडला. खिशात नोटा. साथीदारांची नावं तेवढी देत नाही. सोमवारपर्यंत देईल."

सोमवारपर्यंत देईल याचा अर्थ भिमाजीला उलगडून सांगायची गरज नव्हती. त्याने ती पद्धत तरुणपणी पाहिली होती आणि ती आठवली की त्याला अजून जेवण जात नसे.

पुंजा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. पेठकडचा माणूस, मळ्यात सहा-सात वर्षं राबत होता. एका हाताची बोटं सुजली होती.

"मामा, मी झाडाला हात नाय लावला."

"मग रात्री कुठं होतास?"

"घरी गेलतो. पोरगं तापानं फणफणलं व्हतं. मालकच म्हनले, पुंजा, जाऊन ये, हे पैसे घे, डाक्टरला दाखव."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगलं. साहेब म्हनले, भर हंगामात कोन मालक गड्याला पैसे देऊन घरी धाडतो."

भिमाजीने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस मध्येच तुमचं तोंड वाचतो. पुंजा जमिनीकडे बघून बोलत होता.

"पोरगा आजारी आहे हे मालकाला कधीपासून माहीत?"

"आठ-पंधरा दिस झालं. मी तवाच सुट्टी मागलेली. तवा म्हनले, आता नको. काल सांजच्याला आपनहून म्हनले, जा."

बाहेर येऊन भिमाजीने फौजदाराला विचारलं, "खंडेरावांना पैशाचं विचारलं?"

"विचारलं की. म्हणाले, दिले असतील, डोकं ठिकाणावर नाही, आठवत नाही."

चहाचा हिशेबही न विसरणारा माणूस नोटा दिल्याचं विसरला. भिमाजी ठाण्याची पायरी उतरला. पाऊस थांबला होता, तरी त्याने छत्री उघडीच धरली होती.

४

भिमाजीला दुसरं काहीतरी सापडायला हवं होतं. ललितवर संशय घेणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही असतं. जमीन सामाईक, सातबारा अजून एकत्र. त्यामुळे झाडात माझाही वाटा आहे असं ललित दिवाळीत दारू पिऊन बोलला होता. शिवाय लाकूड कसं कापायचं हे घरात त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं.

ललितच्या खोलीत हत्यारं भिंतीला टांगली होती. करवती, पटाशी, रंधा. भिमाजीने एकेक हात लावून पाहिलं. करवतींवर धुळीचा थर होता. पण लांब पात्याचं गिरमीट, म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हातयंत्र, पुसून ठेवलेलं होतं. त्याच्या वळशात लाकडाचा पांढरा कीस अडकला होता.

"हे कशाला वापरलंस?"

"मी नाही, दादाने नेलं होतं पंधरा दिवसांपूर्वी," ललित म्हणाला. "मागच्या दाराला नवी कडी बसवायची म्हणाला."

भिमाजीने कीस नखाने काढून हुंगला. काही नाही. मग तो मागच्या दाराशी गेला. दाराला जुनीच कडी होती, गंजलेली, आणि तिच्याभोवती एकही नवं भोक नव्हतं.

"मामा, तुम्ही माझ्यावर संशय घेताय," ललित म्हणाला. "घ्या. पण मी मे महिन्यात अर्ज आणला तेव्हा दादाने ऐकलं असतं तर आज कोणाचीच चौकशी करायची वेळ आली नसती. मी त्या पोरीला सायकल शिकवलीय."

तो खरं बोलत होता, आणि हेच भिमाजीला नको होतं. ललित चोर निघाला असता तर त्याला रात्री झोप लागली असती.

संध्याकाळी दोघं पिंपळगावला गेले. महामार्गाला लागून दीपकशेठचं गोदाम होतं. द्राक्षाचा हंगाम संपलेला, कांद्याचे टेम्पो तेवढे उभे होते. शेठ तराजूशेजारी बसून पान जुळवत होते.

"मी कशाला चोरू?" ते न रागावता म्हणाले. "आणि हवालदारसाहेब, चंदनचोर मुळाशी खणत बसत नाही. तो जमिनीसरशी करवत लावतो, खोड उचलतो आणि पसार. मुळीत तेल असतं खरं, पण ती काढायला अख्खी रात्र लागते आणि चोराजवळ रात्र नसते."

"तुम्ही झाड बघितलं होतं ना?"

"उन्हाळ्यात एकदा बघितलं. पैलवानासारखं झाड होतं. मी विचारलं, पाणी किती देता? तर म्हणाले, आई रोज कळशी ओतते, वेळच्या वेळी शेणखत, वर ताकसुद्धा. मला हसू आलं."

"हसू का?"

शेठने पान तोंडात टाकलं. "चंदन उपाशी ठेवावं लागतं, साहेब. खडकात, बांधावर, उन्हात तळमळलं तर ते आत गाभा धरतं. वास त्या गाभ्याला. लाडात वाढवलं की नुसतं पांढरं लाकूड फुगतं. पण गिरमीट घातल्याशिवाय मी कोणाचं मन मोडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या घालणार होतो."

ललितचा चेहरा उतरला. त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण गिरमीट हा शब्द त्यालाही लागला होता.

५

रविवारी सकाळी भिमाजी गोजराबाईशेजारी जाऊन बसला. ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

"मावशी, त्या झाडाची फांदी कधी उगाळून बघितली होती का?"

म्हातारी दचकली. "तुला कोणी सांगितलं? आखाजीच्या सणाला वाटलं, देवाला आपल्या घरचं गंध लावावं. वाळकी काटकी घेतली, सहाणेवर घासली. गंध काय उतरंना. नुसतं पांढरं पाणी. मी खंडूला सांगितलं, देव रुसला बघ आपल्यावर. तवापासून त्याचं जेवणात चित्त नाय."

"फांदीला वास नसतोच मावशी," भिमाजी म्हणाला. ते खरं होतं, आणि तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. "आणि हे खताचं काय? खड्ड्यापाशी पाटी होती."

"आठ दिस खंडू झाडाचं आळं खणत व्हता. एवढं खोल कशाला रे म्हणलं, तर म्हणला, शेवटचं खत घालतो आई, जायच्या आधी पोटभर खाऊ दे. लेकीला माहेरून धाडताना घालतो ना जेवायला, तसं." तिने पदराने डोळे पुसले. "लय जीव त्याचा झाडावर."

भिमाजी उठला. घरामागे गोठ्याला लागून उकिरडा होता. वर्षाचं शेणखत, पुरुषभर उंचीचा ढीग. एका बाजूने तो नुकताच उकरून पुन्हा सारखा केलेला दिसत होता. बाकी ढिगावर पावसाने गवताची कोवळी पाती आली होती, या बाजूला नव्हती. त्याने गोठ्यातली पहार घेतली आणि त्या जागी दाबली. हातभर आत गेल्यावर पहार ठक्क करून थांबली.

त्याने पुन्हा दुसरीकडे दाबली. पुन्हा तसंच.

"काढू नका मामा," मागून खंडेरावाचा आवाज आला. "मला ठाव हाय काय हाय ते."

६

दोघं उकिरड्याच्या कडेला दगडावर बसले. पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला होता.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" भिमाजीने विचारलं.

"तुमीच सांगा. माझ्यानं नाय व्हणार."

"आखाजीला मावशींनी काटकी उगाळली आणि तुमच्या मनात पाल चुकचुकली. त्यात शेठ पाण्याचं ऐकून हसले होते. तुम्ही कडीचं निमित्त करून ललितचं गिरमीट आणलंत, पण दाराला कडी नवी नाही. भोक झाडाला पाडलंत. कीस पांढरा निघाला, शेवटपर्यंत पांढरा. मग खताच्या नावाने आळं खणत मुळं मोकळी केलीत. तिथं तुम्ही चुकलात दाजी. विकायच्या म्हशीला लोक पेंड घालतात, ती आठ दिवसांत फुगते म्हणून. झाड आठ दिवसांत फुगत नाही, आणि हे माळ्याला सांगावं लागत नाही. विकायला काढलेल्या झाडाला खत कोणी घालत नाही."

खंडेराव ऐकत होता.

"शुक्रवारी पुंजाला घरी धाडलंत. चोर बुंधा ठेवून जातो. तुम्हाला बुंधा ठेवता येत नव्हता, कारण तो उघडा पडला की कोणीही बघितलं असतं, आत गाभाच नाही. म्हणून मुळासकट काढलंत आणि ज्या ढिगातून खत नेलं त्यातच पुरलंत. खड्ड्यापाशी वास नव्हता तेव्हाच मला कळायला हवं होतं. चंदन कापलं आणि वास नाही, असं होत नाही."

"सुवर्णाला आन् पोरीला ठाव नाय," खंडेराव म्हणाला. "एकट्यानं केलं. हातगाडीवर आणलं."

"का पण? शेठने नको म्हटलं असतं, एवढंच ना? चूक कोणाची होत नाही?"

खंडेरावाने मूठ उघडून हाताच्या फोडांकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी असती तर सोसली असती. अठरा वर्सं फुशारकी मारली, गाव हसला असता, हसू दे. पण उद्या शेठ भावकीसमोर भोक पाडणार, आन् म्हणणार, पाणी पाजून पाजून वाया घालवलं. आई तिथंच कळशी घेऊन उभी असती मामा. नातीचं कालेज तिनंच बुडवलं असं तिला वाटलं असतं. म्हातारी त्या खड्ड्यातच बसली असती. आन् येड्याला कोण मदत करतं? चोरी झालेल्याला समदे करतात. बघितलं ना काल."

भिमाजीला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. "आणि पुंजा? ठाण्यात त्याची बोटं सुजलीत."

खंडेरावाने तोंड ओंजळीत लपवलं. "त्याचं नाव म्या घेतलं नाय. मला वाटलं कोणीच सापडणार नाय, बंद व्हईल. त्यांनीच उचलला. पैशाचं विचारलं तवा माझी जीभच वळंना. सोमवारी फी भरली की त्याच पावली ठाण्यात जाणार व्हतो. आईशप्पथ."

भिमाजी मनाशी हिशेब करू लागला. आज संध्याकाळी भावकी पैसे आणणार होती. उद्या दुपारपर्यंत सृष्टीची फी भरली गेली असती. फक्त एक रात्र. खरं आज बोललं तर पोरीची जागा जात होती. उद्या बोललं तर पुंजाची आणखी एक रात्र. आणि ती रात्र कशी असते हे इथे बसलेल्या दोघांपैकी फक्त भिमाजीला माहीत होतं. दात आपले आणि ओठही आपलेच. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं लोक सहज म्हणून जातात. ती सुळी आपल्या भाचीच्या फीसाठी उभी राहिली की म्हण आठवायलाही नको वाटते. एक रात्र, तो स्वतःला सांगत होता. एकच.

"मामा."

सृष्टी गोठ्याच्या दाराशी उभी होती. हातात दोन कप, चहावर साय धरलेली. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती.

"पुंजाकाकांना आज सोडवा," ती म्हणाली.

"बाळ, उद्या फी..."

"मला माहीत आहे उद्या काय आहे." तिचा आवाज एकदाच कापला. "त्यांची बोटं मोडून मी कोणत्या वर्गात बसू? बाबा, उठा. ललितकाका गाडी काढतोय."

तिने दोघांच्या हातात कप दिले. खंडेरावाने थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि उठला.

७

फौजदाराने खंडेरावाचा जबाब लिहून घेतला, खोट्या फिर्यादीबद्दल जे सुनवायचं ते सुनवलं आणि संध्याकाळी पुंजाला सोडलं. खंडेराव त्याच्या पायाशी वाकला, तेव्हा पुंजा दोन पावलं मागे सरकला. "पोरगं बरं हाय मालक," तो म्हणाला. "ताप उतरला." मग पेठच्या गाडीत बसला, आणि पुन्हा कधी मळ्यात आला नाही.

त्याच रात्री खंडेरावाने भावकीला खरं काय ते सांगितलं. फक्त एक गोष्ट त्याने हात जोडून मागितली, आईच्या कानावर पाण्याचं जाऊ देऊ नका. ती त्यांनी पाळली. बाकी हात ज्याचे त्याच्या खिशात परत गेले. केरू आण्णा म्हणाले, "खंडू, चोरी झाली असती तर वेगळी गोष्ट." भिमाजीने होतं नव्हतं ते काढून ठेवलं, ते वसतिगृहालाही पुरलं नसतं. ललितने बँकेचा दरवाजा ठोठावला. साहेब भला माणूस होता. कर्ज नक्की होईल म्हणाला, पण तीन-चार आठवडे लागतील. कॉलेज तीन-चार दिवसही थांबायला तयार नव्हतं. मंगळवारी तिची जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली.

सृष्टीने नाशिकमध्येच बी.एस्सी.ला नाव घातलं. दुधाची तहान ताकावर. ती कधी त्याबद्दल बोलली नाही, आणि खंडेराव तर फारसं काहीच बोलेनासा झाला. ओढ्याकाठच्या खड्ड्यात आता गवत होतं.

श्रावण सरता सरता एका सकाळी भिमाजी मळ्यावर आला. मोरीत पाणी तापवायचा बंब पेटला होता आणि गोजराबाई त्यात लाकडं सारत होती. उकिरड्यातलं लाकूड खंडेरावाने फोडून वाळत घातलं होतं, ते तिने जळणासाठी आणलं होतं. भिमाजी थबकला. म्हातारीने एक तुकडा हातात घेतला, पांढरा, जाड, वजनदार. तिने तो नाकाशी नेला. मग सालीवरची ती जुनी खूण चाचपली, जिथे दर पाडव्याला ती हळदीकुंकवाची बोटं ओढायची. बराच वेळ तिने तो तुकडा मांडीवर धरला आणि मग आगीत घातला.

"भिमाजी," ती न वळता म्हणाली, "झाडाला पाणी जादा झालं तर काय व्हतं रं?"

त्याने फक्त म्हटलं, "तुम्ही जीव लावला, मावशी."

"हां," ती म्हणाली. "तेच."

त्या दिवसापासून गोजराबाईने कळशी उचलली नाही. अंगणातली तुळस करपायला लागली. भिमाजी पुन्हा मळ्यावर आला होता, त्या सकाळी कॉलेजला निघताना सृष्टीच्या ते लक्षात आलं. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती मोरीतून तांब्या भरून घेऊन आली.

"नको घालू बाय," म्हातारी ओट्यावरून म्हणाली. "आपल्या घरचं पाणी जादा व्हतं."

सृष्टी तांब्या धरून तशीच उभी राहिली. बस चुकेल म्हणून भिमाजीने तो तिच्या हातातून घेतला, आणि ती गेल्यावरही त्याला तो कुठे ठेवावा ते कळेना.